साखर नॉर्मल, तरी इन्सुलिन वाढलेले : निरोगी माणसाच्या हृदयाचा विचार

(सुवर्ण महोत्सवानिमित्त योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



गुलमंडी, राजाबाजार, जुना मोंढा या पेठांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एक गृहस्थ निश्चितच परिचयाचा असेल. वय पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास. मद्य नाही, तंबाखू नाही, मांसाहाराचा तर प्रश्नच नाही. अंगकाठी सडपातळ, हातपाय बारीक. पोटावर सदऱ्याचे बटण थोडेसे ताणले जाते, एवढेच. वर्षातून एकदा हा गृहस्थ उपाशीपोटी साखर तपासून घेतो, कागदावर 'नॉर्मल' असे उमटते आणि तो कागद कपाटात जातो. अशा एखाद्या गृहस्थास अकस्मात हृदयविकाराचा झटका आल्याची वार्ता येते, तेव्हा सारा समाज एकच प्रश्न विचारतो : "यांना कसे काय? यांना तर काहीच नव्हते!"

'काहीच नव्हते' हे विधान तपासून पाहणे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. हृदयविकाराची कारणे अनेक आहेत आणि एकाच कारणावर सारा दोष टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि साखरेच्या त्या कागदावर सहसा न लिहिला जाणारा एक घटक आहे, आणि भारतीय शरीराच्या बाबतीत तो विशेष बोलका आहे. तो म्हणजे रक्तातील इन्सुलिनची पातळी.

इन्सुलिन म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे सुई येते. वास्तविक ते प्रत्येकाच्या स्वादुपिंडात अहोरात्र तयार होणारे संप्रेरक आहे. भोजनानंतर रक्तात साखर वाढली की इन्सुलिन स्रवते आणि स्नायू व चरबीच्या पेशींना ती साखर आत घेण्याचा निरोप देते. यकृताला सांगते की आता नवी साखर तयार करणे थांबवावे. पेशी निरोगी असतील तर थोड्याशा इन्सुलिनने काम भागते. परंतु पेशी जेव्हा हा निरोप ऐकेनाशा होतात, तेव्हा जेथे एका हाकेत ओ मिळत असे, तेथे दहा हाका माराव्या लागतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतते आणि साखर आटोक्यात ठेवते. या अवस्थेस इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. यातील खरी मेख अशी की, स्वादुपिंडात जोर आहे तोवर साखरेचा आकडा नॉर्मलच दिसतो. उंबरठ्यावर सारे शांत दिसते, आत मात्र गडबड चालू असते. काहींच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे चालते.

प्रश्न असा पडेल की साखर जर आटोक्यात आहे, तर इन्सुलिन वाढले म्हणून बिघडले कुठे? बिघडते ते यासाठी की शरीराचे सर्व अवयव सारख्या प्रमाणात बहिरे होत नाहीत. स्नायू ऐकत नाहीत, पण मूत्रपिंड ऐकते. वाढलेल्या इन्सुलिनच्या प्रभावाखाली मूत्रपिंड मीठ बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते आणि रक्तदाब वाढण्यास हातभार लागतो. चरबीच्या पेशींवरील इन्सुलिनचा लगाम सैल होतो, त्यांतून सुटलेली मेदाम्ले यकृताकडे लोटतात आणि यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते. ट्रायग्लिसराइड चढले की हितकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल उतरते. आणि जे एलडीएल असते त्याचे कण लहान व दाट होतात, असे कण धमन्यांच्या भिंतीत शिरण्यास अधिक सोयीचे असतात. म्हणजे एलडीएलचा आकडा फारसा न वाढताही धमनीचे नुकसान होत राहू शकते.

हे ज्ञान तसे फार जुने नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी लावला. सर्वच मधुमेही इन्सुलिनला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे लंडनच्या हिम्सवर्थ यांनी १९३६ साली दाखवले. परंतु रक्तात इन्सुलिन किती आहे, हे मोजताच येत नव्हते. ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते की नेहमीच्या रासायनिक परीक्षांना गवसत नाही. न्यूयॉर्क येथील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीने किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने ते मोजण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केली. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोजमाप हाती आले तेव्हा वैद्यकाला आश्चर्याचा धक्काच बसला, कारण प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन कमी असेल असे वाटत होते, आणि कित्येक रुग्णांत ते निरोगी माणसाहूनही अधिक आढळले.

पुढे १९८८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी आपल्या गाजलेल्या व्याख्यानात हे सारे धागे एकत्र गुंफले. वाढलेले इन्सुलिन, उच्च रक्तदाब, चढलेले ट्रायग्लिसराइड आणि उतरलेले एचडीएल ही सुटी-सुटी दुखणी नसून एकाच कुळातील भावंडे आहेत, असे त्यांनी मांडले आणि त्या समूहास 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी इटलीतील झावारोनी आणि सहकाऱ्यांनी ज्यांना कोणताही आजार नाही, ज्यांची साखर नॉर्मल आहे, अशाच निरोगी व्यक्ती निवडल्या आणि इन्सुलिन अधिक असणाऱ्यांची तुलना नॉर्मल इन्सुलिन असणाऱ्यांशी केली. पहिल्या गटात रक्तदाब व ट्रायग्लिसराइड अधिक आणि एचडीएल कमी आढळले. 'निरोगी' या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून थोडा सैल झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे झाले पाश्चात्त्यांचे. भारतीयांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. लंडनच्या पश्चिमेस साउथॉल नावाची वस्ती आहे. तेथे पंजाबी, गुजराती आणि इतर दक्षिण आशियाई कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील ४० ते ६९ वयोगटातील साडेतीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास मॅकेग, शाह व मार्मट यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपीय शेजाऱ्यांच्या तुलनेत दक्षिण आशियाई मंडळींत मधुमेह अधिक, इन्सुलिन अधिक, ट्रायग्लिसराइड अधिक, एचडीएल कमी आणि चरबी नेमकी कमरेभोवती साठलेली, असे चित्र दिसले. अनेक देशांतील रुग्णांवर आधारित 'इंटरहार्ट' या अभ्यासात पुढे असेही आढळले की दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी. सहा वर्षांचा हा फरक संसाराच्या दृष्टीने किती मोठा आहे, हे ज्या घराने भोगले त्यालाच ठाऊक.

या कोड्याचे सर्वांत मार्मिक उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, बारीक. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. परंतु पाठीवरील त्वचेखालची चरबी मोजली, तर ती त्या मानाने जवळपास राखलेली! बाळ दिसायला कृश, पण घडणीने मेदयुक्त. पुढे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना लंडनच्या गौरवर्णीय बालकांशी करण्यात आली. वजन कमी असूनही पुण्याच्या बालकांत इन्सुलिन अधिक निघाले. ज्या जीवाने अजून घासभर अन्न खाल्लेले नाही, त्याच्या रक्तातही ही खूण उमटलेली असते. तेव्हा हा सारा दोष मिठाईच्या दुकानावर ढकलता येत नाही.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनस्थित सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, तंतोतंत सारखे : २२.३. वजनकाट्याच्या भाषेत दोघेही आदर्श. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाली. स्वतःच्याच शरीराचा पुरावा जगापुढे ठेवण्याचे हे धैर्य कौतुकास्पद आहे. आणि शंभर पानांच्या प्रबंधाने जे समजले नसते ते त्या एका चित्राने जगाला समजले. आरंभी वर्णिलेला सडपातळ गृहस्थ 'सडपातळ' कसा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

येथे आहाराकडे वळणे प्राप्त आहे, कारण "आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला हृदयविकाराचे भय नाही" असा एक गोड समज घरोघरी नांदतो. शाकाहाराचे अहिंसेच्या दृष्टीने असलेले मोल वादातीत आहे, आणि डाळी, भाज्या, फळे व कोंड्यासह धान्य असा शाकाहार हृदयालाही हितकारकच आहे. पण ताटात प्रत्यक्ष काय असते? मैद्याची कचोरी, तुपात बुडालेली बाटी, चूरमा, जिलेबी, शेव-फरसाण आणि दिवसभरात पाच-सहा वेळा साखरेचा चहा. कंदमुळे वर्ज्य म्हणून बटाटा नाही, हे खरे. पण त्याची जागा तळलेल्या कच्च्या केळ्याने आणि मैद्याने घेतली, तर स्वादुपिंडाला त्यातला भेद कळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो, आणि त्यांतील बहुतांश पॉलिश केलेले तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांतून येतात. प्रथिने मात्र कमी. मराठवाड्याच्या मातीतील ज्वारी-बाजरीची भाकरी, मूग, मटकी, हरभरा आणि ताक ही जुनी न्याहारी या दृष्टीने फारच शहाणपणाची होती. तिला 'गरिबाचे जेवण' म्हणून हिणवून आपण काय मिळवले, याचा विचार गृहिणींनीच करावा असे नाही, पुरुषांनीही करावा.

शाकाहाराशी निगडित दुसरी बाब अधिक नाजूक आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यत्वे दूध-दह्यातून मिळते. पुण्यातील याच संशोधकांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकंदर ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. सर्वांत अधिक कमतरता झोपडपट्टीत नव्हती, खेड्यातही नव्हती. ती शहरी मध्यमवर्गात होती : ८१ टक्के. ज्यांच्या घरी दूध-तूप मुबलक, त्यांचीच ही गत. ब-१२ कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो आणि त्याचा धमन्यांच्या विकाराशी संबंध आढळलेला आहे. मात्र येथे अतिशयोक्ती नको. ब-जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवल्यास हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे मोठ्या प्रयोगांतून तपासले गेले आणि तसा लाभ दिसला नाही. तेव्हा ब-१२ ची गोळी ही हृदयाचे औषध नव्हे. ती घ्यायची ती मज्जातंतू, रक्त आणि स्मरणशक्ती यांच्यासाठी. आणि आणखी एका कारणासाठी, जे घरातील सुनांशी व लेकींशी निगडित आहे.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील मातांपैकी दोन-तृतीयांश मातांमध्ये गरोदरपणी ब-१२ कमी होते. त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची तपासणी झाली. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदर स्त्रीला फोलिक आम्लाची गोळी आवर्जून दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे. पण शाकाहारी घरात ब-१२ ची चौकशी फारशी होत नाही. सुनेच्या डोहाळजेवणाला पंचपक्वान्ने करण्याआधी डॉक्टरांना एवढा एक प्रश्न विचारला गेला, तर तो नातवंडाच्या कल्याणाचा विचार ठरेल. तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचेही ब-१२ घटते, हे ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

आता कोणी विचारील : मग सर्वांनी इन्सुलिनची तपासणी करून घ्यावी काय? अलीकडे 'संपूर्ण देहतपासणी'च्या पॅकेजमध्ये ती सर्रास जोडलेली असते. याचे सरळ उत्तर असे की निरोगी व्यक्तीला तिची सहसा गरज नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती निरनिराळ्या, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही. आणि अमुक अंकाच्या वर म्हणजे रोग, अशी सर्वमान्य रेषाही नाही. शिवाय स्वतः इन्सुलिन गुन्हेगार आहे की गुन्ह्याची वर्दी देणारा, हा वाद पुरता मिटलेला नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरातील ९७० निरोगी पोलिसांचा २२ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आरंभी ज्यांचे इन्सुलिन अधिक होते, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक दिसला खरा. पण जसजसा काळ लोटला तसा हा संबंध क्षीण होत गेला, आणि इतर धोके हिशेबात घेतल्यावर आणखी क्षीण झाला.

याच संदर्भात एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. "इन्सुलिनने हृदयविकार होतो" असा अर्थ काढून कोणीही आपले इन्सुलिनचे इंजेक्शन बंद करू नये. साडेबारा हजार व्यक्तींवर सहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या 'ओरिजिन' या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि बाहेरून दिलेल्या इन्सुलिनमुळे हृदयविकार वाढत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. ज्याला ते लागते त्याला ते प्राणरक्षकच आहे.

इन्सुलिन न मोजताही त्याचा माग काढण्याचे स्वस्त साधन प्रत्येक घरात आहे : शिंप्याची टेप. बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजावे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर वजन कितीही योग्य असो, सावध व्हावे. त्याच्या जोडीला रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून अधिक, ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, उपाशीपोटी साखर १०० वा अधिक, यांपैकी दोन गोष्टी असतील, तर इन्सुलिन-प्रतिरोधाचा दाट संशय घ्यावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांत आढळला. म्हणजे या सभागृहातील एका ओळीत दहा जण बसले असतील, तर सरासरीने त्यातील तिघा-चौघांचा हा प्रश्न आहे.

उपायांच्या बाबतीत चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उत्साहवर्धक आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींपैकी ज्यांना आहार व नियमित चालणे यांची शिस्त लावली, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते! वजन उतरले नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. भोजनानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर उचलतो. दुकानाच्या गादीवर सकाळी दहा ते रात्री नऊ बसून काढणाऱ्या व्यापाऱ्याने पहाटे सिद्धार्थ उद्यानात एक फेरी मारली, म्हणजे उरलेल्या अकरा तासांचे प्रायश्चित्त झाले, असे मात्र समजू नये. दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे पेठेतूनच चालावे. कार्तिकी पौर्णिमेला कचनेरला पायी जाणे स्तुत्यच, पण स्नायूंना वर्षातून एकदा नव्हे, रोज काम लागते.

सूर्यास्तापूर्वी भोजनाच्या नियमाविषयीही येथे दोन शब्द बोलणे योग्य होईल. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सकाळी चांगला असतो आणि सायंकाळनंतर मंदावतो. अमेरिकेतील अलाबामा येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेहपूर्व अवस्थेतील पुरुषांना दुपारी तीनपूर्वी, सहा तासांच्या अवधीत सारे भोजन दिले गेले. पाच आठवड्यांत, वजन न घटताही, त्यांचे इन्सुलिन व रक्तदाब उतरले. पुरुष केवळ आठच होते, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारू नये. धर्माचा नियम संयमासाठी आणि जीवदयेसाठी आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. पण जे चौविहार पाळतात त्यांनी तो अर्धा तास आधी घाईघाईने दुप्पट जेवून पाळू नये, आणि ऊणोदरीला केवळ पर्युषणापुरते पाहुणे करू नये. पारण्याच्या दिवशी गोडाधोडाचा जो मारा होतो तो तर उपवासाने विसावलेल्या स्वादुपिंडावर अचानक टाकलेला बोजाच असतो. मुगाचे पाणी, मग हलका आहार हा वडीलधाऱ्यांचा क्रम अधिक शास्त्रशुद्ध होता.

आणि जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी एकासन, आयंबिल वा उपवास करण्यापूर्वी, पर्युषणाच्या किमान पंधरा दिवस आधी, आपल्या डॉक्टरांकडून औषधांची मात्रा व वेळ बदलून घ्यावी. काही गोळ्या आणि इन्सुलिन रिकाम्या पोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर घरच्यांनी तपश्चर्येत विघ्न नको म्हणून वाट पाहू नये. शुद्धीवर असेल तर तत्काळ साखरेचे पाणी द्यावे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

जय जिनेंद्र.